बाटलीवर नाव नाही

केज तालुक्यात, युसूफ वडगावापासून सायकलनं अर्ध्या तासावर एक गाव आहे. तिथल्या दूध संस्थेत जालिंदर ओव्हाळ टेस्टर होता. टेस्टर म्हणजे दुधाची फॅट काढणारा. म्हैस कुणाचीही असो, तिच्या दुधाचा दर्जा ठरायचा जालिंदरच्या टेबलावर. दूध रात्रीचं की सकाळचं, तापवलं तर टिकेल की नासेल, हे तो झाकण उघडल्या उघडल्या नाकानं सांगायचा. बाकीचं मशीनवर. माणूस बौद्धवाड्यातला, दहावीला दोनदा बसलेला, आणि त्याच्या टेबलापुढं गावातले बागायतदार कॅन घेऊन रांगेत उभे. हे ज्यांना पचत नव्हतं ते थोडेथोडके नव्हते.

त्यांत पहिला नंबर आप्पारावचा. आप्पाराव संस्थेचा चेअरमन. सहकार म्हणजे चेअरमनची खुर्ची आणि बाकीच्यांच्या सतरंज्या, अशी त्याची सरळ समजूत. एका सकाळी त्याच्याच कॅनला फॅट कमी लागली.

"का बे जालिंदर, माझं दूध दिसलं की तुझी मशीन खाली बसती व्हय?"

"मशीनला काय कळतंय चेअरमन, दूध कुणाचं हाय ते?"

"मशीनला न्हाई कळत. तुला कळतंय."

जातीचा राग दुधावर काढतोस, असा त्याचा अर्थ होता. रांगेतल्या वीस जणांना तो बरोबर कळला, आणि वीसच्या वीस जण आपापल्या कॅनकडं बघत उभे राहिले. दुपारी जालिंदरनं नमुन्याच्या काचेच्या चाळीस बाटल्या घेतल्या, लाल ऑइलपेंट घेतला आणि प्रत्येकीवर आकडा रंगवला. दुसऱ्या दिवसापासून नवीन रीत. बाहेर माप घेणारा गहिनीनाथ हाताला येईल त्या बाटलीत नमुना भरणार, कोणता आकडा कुणाचा ते कागदावर लिहून कागद आपल्या खिशात ठेवणार. आत जालिंदरपुढं फक्त आकडे येणार. नावं उघडायची ती फॅट लिहून झाल्यावर.

पहिल्या दिवशी आप्पारावची फॅट आदल्या दिवसापेक्षाही कमी लागली. आठवड्याच्या आत अकरा नंबरच्या बाटलीत पाणी सापडलं. कागद उघडला तर अकरा नंबर खुद्द गहिनीनाथचा. त्याच्या एकुलत्या एका म्हशीचा.

"आरं, नंबर तर मीच टाकलाता बे!" गहिनीनाथ डोक्याला हात लावून म्हणाला. रांग हसली. आप्पारावसुद्धा हसला. त्यानंतर जालिंदरच्या टेबलावर कुणी जात काढली नाही. मनात असेल, तो भाग वेगळा.

सन दोन हजार बाराला पाऊस गेला. चारा संपला, जनावरं छावणीत गेली, आणि चाळीसातल्या नऊच बाटल्या भरू लागल्या. तेराच्या एप्रिलात गाव टँकरवर आलं. टँकर गावच्या विहिरीत ओतायचे आणि लोकांनी वर ओढायचं. टँकर अर्धाच भरून येतो अशी बोंब होती. बोंब साऱ्या गावाची, पण वर चढून बघणारा एकटा जालिंदर. दुधात पाणी किती ते डिग्रीवर बघायची सवय, ती पाण्यात कशी सुटणार? खुणा केलेली काठी घेऊन तो टँकरवर चढला. झाकण उघडलं, काठी आत घातली. ड्रायव्हरनं मागं न बघता गाडी पुढं घेतली. जालिंदर विहिरीच्या दगडी कठड्यावर पाठीवर आला. काठीचा ओला भाग निम्म्याच्याही खाली होता. गहिनीनाथनं ती काठी बरेच दिवस घरात जपून ठेवली होती. कुणी विचारायला आलं नाही.

चौघांनी हातापायाला धरून त्याला जीपमध्ये टाकलं. माया होती, अक्कल नव्हती. पाठीवर पडलेल्या माणसाला असं उचलायचं नसतं. दरवाजा उपटावा, फळी घ्यावी, त्यावर सरळ निजवून न्यावं. हे तेव्हा गावात कुणाला ठाऊक नव्हतं आणि आजही फारसं नाही, म्हणून लिहून ठेवलेलं बरं.

आधी तालुका, मग पुणं. पाठीचा दहावा मणका फुटला होता, आतली मज्जारज्जूची दोरी चेचली होती. बेंबीपर्यंत जालिंदर, बेंबीच्या खाली नुसतं वजन. लघवीला नळी आली. बायको शिवकन्या दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायला शिकली, कारण एकदा वळवायचं राहिलं तेव्हा कमरेला पडलेली जखम चार महिने भरली नव्हती. आई दगडाबाई दिवसभर पायांना तेल चोळायची.

"ये जाल्या, गरम लागतंय का तेल?"

"न्हाई गं माय."

"आता?"

"न्हाई."

एकदा ती चिडली आणि म्हणाली, "मग नुसतं व्हय तर म्हण एकदा." जालिंदर म्हणाला नाही.

दुसऱ्या वर्षी परळीहून एक एजंट आला. बुटाला चमक, हातात मोठा मोबाइल. मोबाइलमध्ये एक माणूस खुर्चीतून उठून चालत होता. "स्टेमसेल. सहा महिन्यांत उभा. गॅरंटी." कुठल्याशा खासगी दवाखान्याचं नाव त्यानं सांगितलं. जालिंदरनं विचारलं, "किती जणांना दिलं आन् किती उठले?"

"भरपूर उठले."

"न उठलेले किती?"

"आपण चांगलं बोलावं, दादा."

"म्हंजे मोजलंच न्हाई," जालिंदर म्हणाला आणि त्याला चहा न देता वाटेला लावलं.

तरी नाव कानात राहिलं. पुढच्या खेपेला पुण्यातल्या त्या मोठ्या इस्पितळात त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं. बाई तोलून बोलणाऱ्या. म्हणाल्या, असा उपचार अजून सिद्ध झालेला नाही, आणि तो विकणारा खोटं बोलतोय. पण आमच्याकडं त्यावर अभ्यास चालू आहे, त्यात माणसं हवी आहेत, आणि त्याचा एक पैसा घेत नाही. नाकाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, जिथं वास कळतो, तिथल्या पेशी जन्मभर नव्यानं तयार होतात आणि वासाच्या नसांना मेंदूपर्यंत वाट करून देतात. त्या काढायच्या, वाढवायच्या आणि पाठ उघडून चेचलेल्या जागी सोडायच्या. तिथंही त्या नसांना वाट करून देतात का, हे बघायचं.

"देत्यात का?"

"माहीत नाही. म्हणून तर अभ्यास. निम्म्या लोकांना पेशी देणार, निम्म्यांना फक्त व्यायाम. चिठ्ठी टाकून. आणि वर्षानं तपासणाऱ्या डॉक्टरला कुणाला काय दिलंय ते सांगणार नाही. सगळ्यांच्या पाठीवर सारखीच पट्टी, नाकावर सारखीच पट्टी. तपासणाऱ्यानं पट्टी बघून मनातून मार्क देऊ नयेत."

जालिंदर पहिल्यांदा त्या इस्पितळात हसला. "बाटलीवर नाव न्हाई," तो म्हणाला.

बाईंना कळलं नाही. त्यानं दूध संस्थेची रीत समजावून सांगितली. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगदी हेच." तिथंच त्यानं सही केली. चिठ्ठीत त्याचं नाव पेशीवाल्यांत निघालं.

गावात ही गोष्ट पोचली ती गावासारखीच. "नाकाचं पायाला लावत्यात म्हनं." "मग आता जाल्याला पायानं दुधाचा वास येणार!" आप्पाराव म्हणाला, "पुण्याला जाऊन नाक कापून घेतलंस का बे?" दोन हजार चौदाच्या नोव्हेंबरात ऑपरेशन झालं. महिना-दोन महिने त्याला दुधाचाच काय, रॉकेलचाही वास येईना, तेव्हा मात्र तो घाबरला. पाय मिळवायला गेलो आणि नाकही जायचं, असं त्याला वाटलं. पुढं वास हळूहळू परत आला, पूर्वीइतका नाही.

तो परतला त्या दिवशी दगडाबाईनं कासारणीला बोलावून सुनेच्या दोन्ही हातांत बारा-बारा हिरव्या बांगड्या भरल्या. बौद्धवाड्यात या गोष्टी कमी झाल्यात, पण दगडाबाईचं म्हणणं होतं, पोरगा नवीन होऊन आलाय तर सून का जुनी दिसावी.

इस्पितळानं व्यायाम सांगितला होता. टोचून बघा असं सांगितलं नव्हतं. ते शिवकन्येनं मनानं सुरू केलं. रोज सकाळी त्याच्या डोळ्यांवर टॉवेल टाकायचा, सेफ्टी पिन घ्यायची, मांडीला, पोटरीला, तळव्याला टोचायचं आणि विचारायचं.

पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, "लागलं."

पिन खाली पडली. दगडाबाई बाहेरून पळत आली. परत टोचलं. "लागलं." तिसऱ्यांदा. "लागलं. दुखत न्हाई, पण कळतंय."

असे महिने गेले. दहातलं सातदा, आठदा. गाव बघून गेलं. स्थानिक पेपरात फोटो आला: दूध टेस्टरच्या पायात जीव. आप्पाराव स्वतः पेपर घेऊन आला आणि फोटोत आपला खांदा दिसतो ते दाखवून गेला. मग कळलं की परळीचा तो एजंट तेच कात्रण घेऊन माणसांच्या दारोदार हिंडतोय. जालिंदरच्या पेशी त्याच्या दवाखान्यातल्या नव्हत्या, पण कात्रणात तसं कुठं लिहिलंय? नेकनूरकडून एक बाई नवऱ्याला जीपमध्ये घालून घेऊन आली, फक्त जालिंदरला बघायला. "तुमचे पाय आले ना दादा? मग आमीबी जातो त्याच्याकडं." जालिंदर म्हणाला, थांबा, नोव्हेंबरात माझी तपासणी हाय, मग सांगतो.

ते वर्षही दुष्काळाचं. संस्था बंद पडली होती, बाटल्या गहिनीनाथच्या माळ्यावर. काम नाही म्हणून तो सकाळी जालिंदरकडं येऊन बसायचा. ऑक्टोबरातल्या एका सकाळी शिवकन्या नेहमीच्याच क्रमानं टोचत होती. मध्येच तिच्या कपाळावर माशी बसली. तिनं हात झटकला.

"लागलं," जालिंदर टॉवेलाखालून म्हणाला. "डाव्या मांडीला."

शिवकन्येनं गहिनीनाथकडं बघितलं. मग म्हणाली, "व्हय. डाव्या मांडीला."

गहिनीनाथ गप्प बसता तर गोष्ट इथंच संपली असती. पण अकरा नंबरची बाटली तो विसरला नव्हता.

"जालिंदर," तो म्हणाला, "पिन लागलीच न्हाई बे, तिच्या हातातच हाय अजून."

जालिंदरनं टॉवेल काढला. बायकोकडं बघितलं. तिच्या हाताकडं बघितलं. मग म्हणाला, "हात हलव." तिनं हलवला. बांगड्या वाजल्या. "परत." परत वाजल्या. त्यानं बांगड्यांकडं बघितलं. मग गहिनीनाथवर ओरडला, "तू कावून बसतोस बे इथं रोज? काम न्हाई तुला?" गहिनीनाथ उठला. तो दारात पोचला तेव्हा जालिंदर म्हणाला, "येताना दुधाचा कॅन आण. रिकामा. आन् चिठ्ठ्याला कागद."

दुसऱ्या दिवशी रीत ठरली. गहिनीनाथनं वीस चिठ्ठ्या केल्या, दहांवर 'टोच', दहांवर 'थांब'. चिठ्ठ्या कॅनमध्ये. एक काढायची, न बोलता शिवकन्येला दाखवायची, मग चमच्यानं कॅनवर एकदा ठोकायचं. टोचायचं असो की थांबायचं, ठोका सारखाच. ठोक्यानंतर जालिंदरनं लागलं की न्हाई ते सांगायचं. डोळे बांधलेले. एका जागेला वीस ठोके. आधी तळवा, मग मांडी, मग पोट.

"आन् बांगड्या काढ," जालिंदर म्हणाला.

दगडाबाई उभीच राहिली. "खबरदार! नवरा जिता हाय आन् सुनेचे हात मोकळे? मी मेल्यावर काढा."

"माय, वाजत्यात त्या."

"वाजू दे. जितेपणाची खूण हाय ती."

"तीच तर मला ऐकायची न्हाई."

म्हातारी हटेना. शेवटी शिवकन्या उठली. दूध गाळायची जुनी दोन फडकी तिनं पाण्यात भिजवली आणि मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्यांवर आवळून गुंडाळली. हात हलवून दाखवला. आवाज नाही. "बांगड्या हातातच हायत, आत्याबाई," ती म्हणाली. दगडाबाई भिंतीकडं तोंड करून बसली, पण बाहेर गेली नाही.

ठोके सुरू झाले. जालिंदर प्रत्येक ठोक्याला थांबायचा, कपाळाला आठ्या घालायचा, मग उत्तर द्यायचा. तळवे झाले, मांडी झाली. पोटाला बेंबीखाली दोन बोटांवर वीस, चार बोटांवर वीस. तासभर लागला. शेवटी शिवकन्येच्या हातांवरच्या फडक्यांतून पाणी गळत होतं.

"वाच," जालिंदर म्हणाला. डोळ्यांवरची पट्टी त्यानं काढली नव्हती.

गहिनीनाथ कागद उलटासुलटा करत बसला.

"वाच बे. आकडेच हायत. नाव न्हाई त्याच्यावर."

"तळवा. नऊदा लागलं म्हनलास. त्यात खरं टोचलेलं चारदा. मांडी. अकरादा म्हनलास. खरं पाचदा."

म्हणजे नाणं उडवून सांगावं तसं. जालिंदरला हे समजायला कुणाची गरज नव्हती. दुधात असा आकडा आला असता तर त्यानं मशीन दुरुस्तीला पाठवली असती.

"चार बोटांवर, तसंच. अंदाज." गहिनीनाथ थांबला. "दोन बोटांवर. दहा टोचले, धाच्या धा बरोबर. दहा थांबलो, एकदाबी चुकला न्हाईस."

मग शिवकन्या म्हणाली, "म्हंजे वर्ष झालं, मी..."

"तू टोचत हुतीस," जालिंदर म्हणाला. "मी ऐकत हुतो."

तिनं मनगटावरची फडकी सोडली, पिळली आणि दोरीवर वाळत घातली. माशीच्या वेळी आपण 'व्हय' म्हणालो हे तिच्या मनात होतं. ते जालिंदरनं पुढंही कधी काढलं नाही.

आप्पारावला कळलं तसा तो आला. "आता न्हाई म्हणतोस? पेपरात आलंय. आपल्या गावाचं नाव झालंय. तिकडं डॉक्टरापुढं हो म्हन. कुणाच्या बापाचं काय जातंय?"

"नेकनूरच्या बाईचं जातंय," जालिंदर म्हणाला. "तिचा नवरा त्या एजंटाकडं जायला बसलाय, माझ्या पायावर."

"मग पेपराचं काय?"

"पेपरात परत येऊ द्या. तुमचा खांदाबी येऊ द्या परत."

पेपरात परत आलं नाही. न चालणाऱ्या माणसाचं न चालणं ही बातमी होत नाही. जालिंदरनं नेकनूरला त्या बाईला स्वतः फोन केला. बाई फोनवर रडली आणि नंतर रागावली, "मग आधी कावून सांगितलं न्हाई?" "चुकलं माझं," एवढंच तो म्हणाला. हे वाक्य त्या गावानं त्याच्या तोंडून तोवर ऐकलं नव्हतं.

नोव्हेंबरात पुणं. तपासणारा डॉक्टर तरुण, अनोळखी. नाकावर पट्टी, पाठीवर पट्टी, डोळे मिटलेले. टाचणी आणि कापूस. जालिंदर एकेका जागेला सरळ सांगत गेला. "न्हाई. न्हाई. न्हाई." दोन बोटांवर आल्यावर, "लागलं." त्याखाली परत, "न्हाई." डॉक्टरनं विचारलं, "नक्की?" तो म्हणाला, "नक्की. घरी मोजून आलोय."

नंतर त्यानं बाईंना सगळं सांगितलं, बांगड्यांसकट. बाई ऐकत होत्या, लिहून घेत होत्या. शेवटी त्यानं विचारलं, "ही दोन बोटं पेशीनं आली का?"

"सांगता येत नाही. कधी आपोआप येतात, कधी व्यायामानं. एकट्या तुमच्यावरून कळत नाही. सगळ्यांचे निकाल एकत्र झाल्यावर कळलं तर कळेल."

"मला कळवाल?"

"कळवीन. निकाल काहीही आला तरी."

त्याला ते पटलं. एका कॅनवरून साऱ्या गावच्या म्हशींचं दूध कसं ते सांगता येत नाही, हे त्याला बाईंच्याही आधीपासून माहीत होतं. निकाल दोन वर्षांनी पत्रानं आला. पेशी दिलेले आणि न दिलेले यांच्यात ठळक फरक नाही, असं त्यात लिहिलं होतं. पत्र त्यानं दोनदा वाचलं, घडी केली आणि नमुन्याच्या रजिस्टरमध्ये ठेवलं.

तोवर पाऊस परतला होता, म्हशी परतल्या होत्या, संस्था पुन्हा उघडली होती. आप्पाराव अजून चेअरमन. टेस्टर कोण यावर बैठकीत कुरबूर झाली, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला जमेल का म्हणून. गहिनीनाथ उठून म्हणाला, "नाक कमी आलंय त्याचं, पण मशीन हाय. आन् हिथं त्याच्याशिवाय कुणाचा भरवसा हाय, हात वर करा." हात वर झाले नाहीत. टेबलाचे पाय कापून खुर्चीच्या उंचीला आणले.

फॅट काढायला बाटल्या गरम पाण्यात ठेवाव्या लागतात. पूर्वी, अपघातानंतर, चहाचा गरम कप मांडीवर कलंडून त्याची कातडी सोलवटली होती आणि त्याला ते संध्याकाळी शिवकन्येनं दाखवल्यावर कळलं होतं. आता पहिल्याच महिन्यात पातेलं हिंदकळलं आणि पाणी बेंबीखाली, त्या दोन बोटांवर सांडलं. जालिंदरनं खुर्ची झटक्यात मागं ढकलली आणि गहिनीनाथच्या आईवरून एक कडक शिवी हासडली.

रांग दचकली. बाहेरून गहिनीनाथनं डोकं आत घातलं. "काय झालं बे?"

"लागलं," जालिंदर म्हणाला. शर्टाचं टोक पिळलं, आणि पुढची बाटली उचलली. तेवीस नंबर.